कोंडीराम मिस्त्री आणि एकोणीस खिळे

वारज्यात मला खोली लवकर मिळाली, याचं श्रेय वासाला द्यायला हवं. खाली फायबरची शेड आणि वर खोली. फायबर घट्ट करणाऱ्या रेझिनचा वास असा की आधीचे तीन भाडेकरू महिन्याभराच्या आत गाशा गुंडाळून गेले होते. मी दिग्रसचा. आमच्या शाळेच्या एका अंगाला कापसाचं जिनिंग आणि दुसऱ्या अंगाला गुरांचा बाजार, त्यामुळे नाक आधीच तयार झालेलं. यमुनाबाईंनी खोली दाखवली, मी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "चालेल."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. "नोकरी हाय न्हवं?"

"हिंजवडीला. कंप्युटरमध्ये."

"मग बरं हाय. म्हंजे दिवसभर घरात न्हाई राहणार."

यमुनाबाईंचे यजमान म्हणजे कोंडीराम मिस्त्री. साठीला टेकलेले, बुटके, आणि कोपरापर्यंत दोन्ही हात कायम पांढरे, कारण फायबरचं कुसळ टोचू नये म्हणून कामाला बसण्याआधी ते हातांना पावडर फासत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हा पिठाच्या गिरणीतला माणूस. शेडमध्ये गेलं की मात्र वेगळंच दृश्य. ते साल २००६. पुण्यात त्या वर्षी जी इमारत उभी राहील तिला दारात ग्रीक खांब हवे असायचे आणि खांबांच्या शेजारी सिंह. ते सगळे खांब पोकळ, फायबरचे, आणि बरेचसे आमच्या खालच्या शेडमध्ये जन्मलेले. माझ्या कंपनीच्या स्वागतकक्षातले दोन खांब मी ओळखले. त्यातल्या एकावर टिचकी मारली तर सुरक्षारक्षकानं माझं ओळखपत्र पुन्हा तपासलं.

"हे कुठल्या देवळाचं म्हनायचं?" मिस्त्रींनी मला एकदा विचारलं होतं.

"ग्रीस म्हणून देश आहे मामा, तिथल्या."

"त्यांची देवळं अजून उभी हायेत?"

"पडली बहुतेक."

"मग आपन कशाला करतोय?" असं म्हणून त्यांनी पुढच्या खांबाच्या मोल्डला पॉलिश मारायला घेतलं.

मूळ धंदा होड्यांचा. श्यामसुंदरशेठ नावाच्या गृहस्थांनी पंच्याऐंशी साली ही शेड टाकली ती होड्या करायलाच. कोंडीराम पानशेतच्या बाजूच्या गावचे, पाण्याकाठी वाढलेले, म्हणून शेठनी त्यांना पहिल्या दिवशी कामावर घेतलं. आठ वर्षांत शेडमधून एकोणीस होड्या बाहेर पडल्या. मग होड्या घेणारे संपले, पाण्याच्या टाक्या आल्या, टाक्यांच्या मागे खांब आले. शेठ शेड कोंडीरामांच्या हवाली करून मुलाकडे सुरतेला गेले आणि तिकडेच वारले. मिस्त्री मात्र अजून स्वतःची ओळख 'होडीवाला' अशीच करून देत. तेरा वर्षांत होडीला हात लागलेला नव्हता, तरी.

ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी टेम्पोत आडवी बांधलेली एक होडी आली. टेम्पोच्या पुढच्या सीटवरून छत्री, पिशवी आणि मग दीनानाथ साठे उतरले. साठे म्हणजे नारायण पेठेतल्या एका शाळेतले भूमितीचे निवृत्त शिक्षक. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी दोन मित्रांबरोबर ही होडी याच शेडमधून नेली होती. मित्र एकेक करून गेले. साठे आता एकटेच दर रविवारी खडकवासल्याच्या पाण्यावर वल्ही मारत.

"ओळखलंत का?" त्यांनी विचारलं.

"माणूस न्हाई ओळखला," मिस्त्री होडीकडे बघत म्हणाले. "ही ओळखली."

"योग्य तेच ओळखलंत. मागच्या रविवारी भर पाण्यात हिचं सुकाणू माझ्या हातात आलं. नुसतं आलं असतं तर गोष्ट वेगळी, पण येताना फळीचा तुकडाही बरोबर घेऊन आलं. हा बघा, आणलाय." पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळपट तुकडा निघाला. चहात बुडवलेल्या खारीसारखा तो बोटांत चुरत होता. "अहो, तुम्ही त्या वेळी आम्हाला सांगितलं होतंत, माझं काम परत येत नाही म्हणून. म्हटलं, घेऊनच जावं."

मिस्त्रींचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. ते वाक्य ते खांब नेणाऱ्यालाही सांगत.

होडीची मागची उभी भिंत, जिला सुकाणू किंवा मोटर अडकवतात, ती मागची फळी. बाहेरून आतून फायबर आणि मध्ये प्लायवूड, सँडविचमधल्या काकडीसारखं. बाहेरून साठ्यांची फळी ठणठणीत दिसत होती, रंगही शाबूत. मिस्त्रींनी लाकडी ठोकणी घेतली आणि एका टोकापासून ठोकत निघाले. टण्, टण्, टण्, आणि मग थप्. पुन्हा थप्. खडूनं ते थप्थप् वाजणाऱ्या जागेभोवती रेघ ओढत गेले. रेघ पूर्ण झाली तेव्हा फळीचा निम्म्याहून जास्त भाग तिच्या आत होता.

"बरं करता येईल?" साठ्यांनी विचारलं.

"व्हईल. पन घाई न्हाई करायची. आतली कातडी कापायची, कुजकं समदं काढायचं, मग वाळू द्यायचं. ओल्यावर रेझिन मारलं तर पुन्हा हेच."

"मला घाई नाही. माझं वय चौऱ्याहत्तर आहे, तुम्ही त्या हिशेबानं ठरवा."

वाळवणं तीन आठवडे चाललं. आतलं फायबर कटरनं कापून काढलं, छिन्नीनं सुटं झालेलं काळं लाकूड खरवडलं, त्याला आंबट वास होता, रेझिनलाही हरवील असा. हॅलोजनचे दोन दिवे लावून होडी उघडी ठेवली. रोज संध्याकाळी मिस्त्री उघड्या जागेवर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवत आणि सकाळी बघत. कागदाच्या आत दव धरलं की अजून ओल आहे. गुरुवारी वीज नसायची, म्हणून त्या दिवशी होडी उन्हात. मी ऑफिसला जाताना कागदाकडे नजर टाकायचो. आमच्याकडे सॉफ्टवेअर बनवायला याच्या निम्मी सबुरी असती तर मला नोकरीच लागली नसती, कारण माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी घाईत केलेल्या चुका शोधणं.

चौथ्या शनिवारी मी खाली गेलो तर मिस्त्री होडीच्या मागे उकिडवे बसलेले. हातात छिन्नी, पण छिन्नी चालत नव्हती.

"कागद कोरडा निघाला का मामा?"

"कोरडा हाय." सरकून मला जागा देत म्हणाले, "साहेब, तुमचे डोळे ताजे हायेत. लाकूड कुठं जास्त काळं दिसतं, सांगा."

मी वाकून पाहिलं. कडेचं चांगलं लाकूड त्यांनी मुद्दाम अजून काढलं नव्हतं. सुकाणूच्या बोल्टांची चार भोकं होती. वरच्या दोन भोकांभोवती लाकूड पिवळं, कोरडं. खालच्या दोहोंपर्यंत कूज पोचलेली, पण ती वरून आलेली. काळेपणाची सुरुवात होती बरोबर मधोमध, वरच्या कडेखाली चार बोटांवर. तिथून तो खाली पंख्यासारखा पसरत गेला होता. आणि जिथून तो पसरला तिथं एक गंजलेला खिळा होता.

"हा कशाचा?"

"हाराचा," ते म्हणाले.

मग सांगितलं. श्यामसुंदरशेठची पद्धत होती, कुठलीही होडी शेडमधून निघायच्या आधी तिची पूजा व्हायची आणि मागच्या फळीला झेंडूचा हार चढायचा. हार अडकवायला खिळा. पुढं दर खंडेनवमीला मालकानं त्याच खिळ्याला हार घालायचा, असं शेठ बजावून सांगत. खिळा मारायचा मान कोंडीरामांचा, कारण त्यांनी मारलेल्या पहिल्या खिळ्याची होडी विकली गेली आणि शेठना त्यांचा हात शुभ वाटला. आधी बारीक भोक पाडायचं, खिळ्याला हळदकुंकू लावायचं आणि ठोकायचा.

"पण मामा, बोल्टांच्या भोकांना तुम्ही रेझिन भरलंय. इथं का नाही?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी विचारलं होतं की देव्हाऱ्यात चप्पल का नाही ठेवली.

"देवाच्या खिळ्याला रेझिन कसं लावायचं? उग्र वासाची गोष्ट ती. हळदकुंकवावर?"

अठरा वर्षं त्या खिळ्याच्या बाजूनं एकेक थेंब आत गेला होता. बाकी प्रत्येक भोक त्यांनी जिवापाड जपून बंद केलं होतं. एकच उघडं ठेवलं, ते भक्तीनं.

मी त्यांना धीर द्यावा म्हणून आमच्या ऑफिसची रीत सांगितली. म्हटलं, आमच्याकडे चूक सापडली की आधी एक बैठक होते, मग एक लांबलचक ईमेल जातो, आणि त्यात चूक कशी झाली ते सगळं असतं, कुणी केली ते नसतं.

"मग ज्याच्याकडं ती चूक गेलीय त्याला कळतं का?"

"त्याला नवीन आवृत्ती पाठवतो."

"त्याची जुनी बुडायच्या आत पोचती का?"

आमचं सॉफ्टवेअर पाण्यावर चालत नाही, एवढंच म्हणालो, आणि ते काही उत्तर नव्हे हे मलाही कळत होतं.

पुढचे काही दिवस मिस्त्रींनी होडीवर ताडपत्री टाकली आणि खांब करत बसले. यमुनाबाई जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "भाकरी अर्धी टाकत्यात. इचारलं तर सिंहाचं तोंड नीट न्हाई आलं म्हनत्यात. सिंहाचं तोंड कधी नीट आलं हुतं?"

मला कारण माहीत झालं होतं. एकोणीसपैकी सहा होड्या अजून एकाच ठिकाणी होत्या, पानशेतकडच्या एका बोटिंगच्या जागी, आणि सहांनाही मागे मोटर. सुकाणू निसटलं तर भूमितीचे शिक्षक वल्ह्यानं काठाला येतात. मोटर फळीसकट निघाली तर भगदाडातून पाणी आत येणार, आणि रविवारी त्या होड्यांत माणसं बसतात, लेकरांसकट. बोटिंगचे मालक हिंमतराव. याच हिंमतरावांनी दिवाळीनंतर बदकाच्या आकाराच्या आठ पायडल होड्या मिस्त्रींकडून करून घ्यायचं कबूल केलं होतं. बदकाच्या मानेचं चित्र शेडच्या भिंतीवर खडूनं काढून झालं होतं. तेरा वर्षांनी पुन्हा होड्या. आता त्याच माणसापुढे जाऊन सांगायचं, की तुमच्या सहाच्या सहा होड्या मी माझ्या हातानं कुजवल्या.

साठे होडी बघायला आले तेव्हा मी शेडमध्येच होतो. मिस्त्रींनी ताडपत्री काढली, खिळा दाखवला आणि सरळ सांगितलं, हा मी मारला, यातून पाणी गेलं, बाकी कुणाचा दोष नाही. साठ्यांनी चष्मा कपाळावर चढवून खिळा निरखला.

"म्हणजे अठरा वर्षं मी दर खंडेनवमीला, न चुकता, स्वतः मंडईतून हार आणून हिच्या नाशाला घालत होतो. माझी बायको म्हणायची, एवढं प्रेमानं मला कधी काही आणलं नाहीत. बरं झालं नाही आणलं."

मिस्त्री हसले नाहीत. साठ्यांनीही चष्मा खाली घेतला.

"मिस्त्री, माझी होडी तुम्ही नीट कराल, त्याची मला काळजी नाही. असे खिळे किती?"

"एकोनीस."

"बाकीच्यांना कळवलंत?"

मी मध्ये तोंड घातलं, की आता सीझन आहे, दिवाळीच्या सुट्ट्या येतायत, ऑर्डरचंही बोलणं चाललंय, जरा योग्य वेळ बघून...

"तुम्ही कोण?"

"वर राहतो. कंप्युटरमध्ये आहे."

"तरीच," साठे म्हणाले, आणि छत्री उचलून निघून गेले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी मिस्त्री माझ्या दारात उभे राहिले. हातात ठोकणीची पिशवी. "गाडीवर सोडता का पानशेतकडं? येताना यष्टीनं यीन." मी सोडलं आणि थांबलोही.

बोटिंगच्या धक्क्यावर तिकिटाची रांग लागलेली. सहाच्या सहा होड्यांच्या मागे, त्याच खिळ्यांवर, वाळलेले झेंडूचे हार. हिंमतराव गॉगल लावून खुर्चीत बसलेले. "या मिस्त्री. बदकं झाली का सुरू?"

"बदकांचं नंतर बोलू. ह्या होड्या जरा वाजवून बघायच्या हायेत."

"आज? रविवारी? मिस्त्री, लोकं उभी हायेत."

"म्हनूनच."

त्यांनी परवानगीची वाट पाहिली नाही. धक्क्याला लागलेल्या पहिल्या होडीत उतरले आणि ठोकायला लागले. टण्, टण्. ती बरी निघाली. दुसरीही. तिसरी खिळ्याच्या आसपास थप् बोलली, चौथी खिळ्यापासून पार मोटरपर्यंत. रांगेतल्या एका बाईंनी मुलाचा हात धरून त्याला मागे ओढलं. हिंमतराव खुर्चीतून उठून आले. मिस्त्रींनी हाराच्या खिळ्याचं सगळं सांगितलं, तरी ते अंगावर आले नाहीत. त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलायला घेतलं. ते जास्त अवघड होतं.

"अहो, दिवाळीपर्यंत चालवू द्या. नंतर सगळ्या तुमच्याकडेच पाठवतो. कुणाला सांगितलंय का?"

"साठे गुरुजींना सांगितलं. आता तुमाला सांगतोय."

"मग आपल्या दोघांत राहू द्या ना. नाव कुणाचं खराब होणार? तुमचंच. होडी तुम्ही केलेली, खिळा तुमचा, उद्या बदकात कोण बसेल?"

मिस्त्रींनी चौथ्या होडीचा हार काढून बाजूला ठेवला. पकडीनं खिळा उपटला. त्यासाठी जोर लागलाच नाही. मग त्या भोकात स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसत्या तळहातानं दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर भोकातून तपकिरी पाण्याची बारीक धार लागली. ती बराच वेळ थांबली नाही. धक्क्यावरचे सगळे तिच्याकडे बघत होते. मोटर चालवणाऱ्या धोंडिबानं, जो दहा वर्षं त्या होडीच्या मागच्या बाजूला बसत आला होता, आपण होऊन मोटरचे स्क्रू सैल करायला घेतले.

"धोंडिबा, तुला कुणी सांगितलं?" हिंमतराव म्हणाले.

"हिनं सांगितलं की मालक," धोंडिबा धारेकडे बोट दाखवून म्हणाला.

उरलेल्या दोनपैकी आणखी एक थप् बोलली, आणि त्या दिवशी तीन होड्या पाण्याबाहेर निघाल्या. हिंमतराव माणूस वाईट नव्हते. दुपारी त्यांनी आम्हाला पिठलंभाकरी खायला घातली. होड्या दुरुस्तीला वारज्यालाच आल्या, कारण दुसरीकडे न्यायच्या कुठे. बदकांची ऑर्डर मात्र मुंबईकडच्या कुणाला तरी गेली. भिंतीवरची बदकाची मान मिस्त्रींनी पुसली नाही, पण तिच्यावर सिंहाचे मोल्ड टेकवून ठेवले.

साठ्यांची होडी नोव्हेंबरात पूर्ण झाली. नवीन प्लाय, त्याच्या चारी कडांना आधी रेझिन पाजलेलं, वर फायबरच्या मॅटचे थर, प्रत्येक थर मागच्यापेक्षा थोडा रुंद, म्हणजे सांधा एका रेघेवर येत नाही. मिस्त्री थर दाबताना एकही बुडबुडा सोडत नव्हते, रोलर फिरवत राहायचे, मान वाकडी करून उजेडात बघायचे. मला वाटायचं, या माणसाच्या हातून खांब करून घेणं म्हणजे गवयाकडून बसच्या थांब्यांची नावं पुकारून घेणं. साठ्यांना तसं म्हणालो तर ते म्हणाले, "तुम्ही अधूनमधून बरं बोलता. नोकरीत याचा उपयोग नसेल."

उरलेल्या बारा होड्यांचं काम माझ्याकडे आलं. मिस्त्रींना नावं पाठ होती, गावं अर्धवट. कोण घेऊन गेलं, रंग कुठला, कुठल्या धरणावर, एवढ्यावर मी ऑफिसच्या कंप्युटरवर एक तक्ता केला आणि जेवणाच्या सुट्टीत फोन लावत बसलो. माझ्या मॅनेजरला वाटलं, मी नोकरी शोधतोय, म्हणून त्या वर्षी मला बढती मिळाली. पाच होड्या केव्हाच मोडून गेल्या होत्या. तीन मालकांनी फोनवर नीट ऐकून घेतलं, खिळा उपटून भोक बुजवतो म्हणाले. एकानं विचारलं, तुम्ही काय विकताय. भिगवणची एक होडी उलटी करून कोंबड्यांवर छप्पर म्हणून ठेवली होती. मिस्त्री गुरुवारी, वीज नसल्यानं शेड बंद असताना, यष्टीनं तिथं गेले, छपराची मागची फळी वाजवली, आणि मालकाला सांगून आले, की पुन्हा कधी पाण्यात टाकायची झाली तर आधी मला कळव. मालक म्हणाला, आणि कोंबड्या कुठं ठेवू?

आणखी एक वाईला कृष्णेच्या काठी सापडली.

एक अजून सापडलेली नाही. चौदा फुटी, फिकट निळी, आतून पांढरी. नव्वद साली ज्ञानदेव नावाचे एक कंत्राटदार ती घेऊन गेले, नाशिककडे की नगरकडे, हे मिस्त्रींना नक्की आठवत नाही आणि ते त्यांना फार लागतं. ती कुणाच्या वापरात असेल, तर मागच्या फळीला, वरच्या कडेखाली चार बोटांवर, मधोमध एक खिळा असेल. त्याच्या आजूबाजूला काहीतरी लाकडी घेऊन ठोकून बघावं. टण् आलं तर खिळा काढून भोक रेझिननं बुजवावं. थप् आलं तर तिच्यात कुणाला बसू देऊ नये आणि वारज्याला कळवावं. मिस्त्री येतील. गुरुवार असेल तर त्याच दिवशी निघतील.